उद्याची ड्युटी

पोलीस स्टेशन सिनियर साहेब चालवतात असं लोकांना वाटतं. वाटू दे बापडं. बोर्डावर त्यांचं नाव असतं, गाडीत पुढे ते बसतात, पेपरवाल्यांचे फोन त्यांना येतात. पण उद्या सकाळी कोणाला नाकाबंदी, कोणाला कोर्ट, कोणाला लॉकअपचा पहारा आणि कोणाला पुढाऱ्याच्या सभेत उन्हात उभं राहायचंय, हे ठरवतो हजेरी मेजर. आमच्या स्टेशनात ती मी होते. डोंबिवलीच्या बाजूचं स्टेशन, नाव सांगत नाही. सांगितलं तर अजून फोन येतील. पुष्कळ वर्षं मी ती खुर्ची सांभाळली आणि माझ्यासारखी हजेरी त्या इमारतीत आधी कोणी लावली नव्हती. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात. दुसरं कोणी करेना तर काय करायचं?

बाहेरच्या माणसाला आमचं खातं म्हणजे नुसती खाकी दिसते. आत किती पायऱ्या आहेत ते आत आल्याशिवाय कळत नाही. वर ठाण्यात आयुक्त. त्यांच्या खाली सहआयुक्त, मग अपर आयुक्त, मग परिमंडळाचे उपायुक्त, मग विभागाचे सहायक आयुक्त, मग आमचे सिनियर साहेब. त्यांच्या हाताखाली बाकीचे निरीक्षक, एपीआय, पीएसआय. आणि सगळ्यांच्या खाली आम्ही अंमलदार, म्हणजे सहायक फौजदार, हवालदार, शिपाई. एकत्र कुटुंबासारखं आहे सगळं. वरच्याचा मान राखायचा, खालच्यावर राग काढायचा. शिपायाला काही म्हणायचं असेल तर पायरी पायरीनेच वर जायचं. मधली पायरी वगळून उडी मारली की गेलात कामातून. मी ही शिस्त मानते. उगाच नाही सांगत, आमच्यात शिस्त नसती तर गणपतीच्या विसर्जनाला अर्धं शहर पाण्यात गेलं असतं.

माझ्याकडे एक मुलगी होती, शिपाई. मुरबाडच्या आतल्या गावातली, लग्न करून टिटवाळ्याला आलेली. भरतीच्या मैदानावर अनवाणी पळून पास झालेली पोर. कामाला चोख, तोंडाने गरीब. बाळंतपणाची रजा संपवून परत आली आणि दोन-चार महिन्यांत तिचं तोंड पार उतरलं. डोळ्याखाली काळं, डबा न खाता परत नेणं, मोबाईल वाजला की दचकणं. एके दिवशी बायकांच्या खोलीत युनिफॉर्म घालता घालता म्हणाली, "मॅडम, मी दिवाळीनंतर सोडते नोकरी."

मी अशी उसळले! म्हटलं, "सोडते? भाजी आहे का ही, सोडायला नि निवडायला? अगं, हजारो पोरी त्या मैदानावर पळतात, आणि तू वर्दी मिळवून टाकून देणार?"

ती म्हणाली, "घरचं जमत नाही, मॅडम." त्यापुढे एक शब्द नाही. मी खोदून खोदून विचारलं. नवरा कंपनीची गाडी चालवतो, दोन-दोन दिवस बाहेर असतो. बाळ सासूकडे. एवढंच कळलं, आणि मला वाटलं, चला, रोग सापडला. सासू सांभाळत नसणार, आणि येण्याजाण्यात हिचा जीव जात असणार.

आता गंमत बघा. टिटवाळ्यातसुद्धा पोलीस आहेत. पण ते ग्रामीणचे. त्यांचे प्रमुख अधीक्षक, आमचे प्रमुख आयुक्त. दोघांची खाकी एकच, पण घरं वेगळी. तिथे बदली हवी तर दोन्हीकडची परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी सेवाज्येष्ठता जाते, पार तळाला. कालची पोरं तिच्या वर जाऊन बसणार. म्हणजे दारात विहीर, आणि पाणी भरायला शेजारच्या गावात. तो रस्ता मी बादच केला. पण कल्याण तर आमचंच आहे की! कल्याणच्या एखाद्या स्टेशनात गेली तर निम्मा प्रवास वाचला. तेवढं उपायुक्तांच्या हातात असतं. मी सिनियर साहेबांना बोलले. ते म्हणाले, "बघू." आमच्या खात्यात "बघू" म्हणजे काय, ते सांगायची गरज नाही.

तेवढ्यात दरबार लागला.

दरबार ही आमची जुनी पद्धत. मोठे साहेब एका हॉलमध्ये अंमलदारांना बोलावतात आणि थेट विचारतात, काय अडचणी आहेत? त्या दिवशी पायऱ्या नाहीत. शिपाई उभा राहून थेट आयुक्तांशी बोलू शकतो. कायद्याने बोलू शकतो. प्रत्यक्षात बोलतो कोण? प्रत्येक स्टेशनातून दरबाराला कोण जाणार ते हजेरी मेजर ठरवतो, आणि त्याला साहेबांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं, "सुखी माणसं न्या." ही सुखी माणसं निवडण्याची माझी एक पद्धत होती. ज्याची रजा नुकतीच मंजूर झालीय तो सुखी. ज्याला हवी ती पाळी मिळालीय तो सुखी. ज्याच्या मुलीचं लग्न ठरलंय आणि ज्याला साहेबांची गरज पडणार आहे, तो तर सगळ्यात सुखी. अशी माणसं नेली की साहेबांची मान खाली जात नाही. कारण तिथे कोणी तक्रार केली तर आयुक्त पहिला प्रश्न हाच विचारतात, हे तुमच्या पातळीवर का सुटलं नाही?

या वेळी मी त्या सुखी माणसांत टिटवाळ्याची मुलगी घातली. साहेबांनी विचारलंही नाही, माझ्यावर भरवसा. मी दोन दिवस तिची तयारी करून घेतली. "सर, माझं बाळ लहान आहे, मला कल्याणला द्यावं, विनंती आहे." बस्स, एवढंच. नमस्कार नाही, रडणं नाही, "सर" दोनदाच. तिने पाठ केलं. पाठ म्हणून दाखवलं. मी म्हटलं, झकास, आता आपलं काम झालं.

हॉल कल्याणात होता. पुढे सोफ्यावर वरिष्ठ, त्यांच्या मागे सगळे सिनियर साहेब, आणि मागे आम्ही, खुर्च्या भरून. आयुक्त नवे होते. बोलायला साधे. नव्या गाड्या, नवी घरं, सगळं सांगून झाल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "काही अडचणी आहेत?"

सगळा हॉल एका सुरात ओरडला, "नाही सर!"

आणि त्यात सगळ्यात खणखणीत आवाज माझ्या शेजारून आला. हिचाच! ट्रेनिंग सेंटरच्या परेड ग्राउंडवर अंगात भिनवलेलं ते. साहेबाने विचारलं की डोकं चालायच्या आत तोंडातून "नाही सर" निघतं. ओरडून झालं आणि मग तिने तोंडावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. आयुक्त "छान" म्हणून उठायला लागले.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची? मी उभी राहिले.

"सर, अडचण आहे."

पुढच्या रांगेत आमच्या सिनियर साहेबांची मान लाल झालेली मला मागून दिसली.

"बोला," आयुक्त म्हणाले. "काय अडचण आहे तुमची?"

"माझी नाही सर. हिची."

थोडे लोक हसले. आयुक्तसुद्धा हसले. "मग तिला बोलू द्या. तुम्ही पण उभ्याच राहा, तिला धीर येईल."

ती उठली. मी तिच्या कोपराला हळूच ढोसलं, म्हणजे पाठ केलेलं सुरू कर. आणि ती म्हणाली, "सर, मला बदली नको."

मी बघतच राहिले. अगं, काय बोलतेस!

"मला उद्याची ड्युटी आज दुपारी कळायला हवी, सर. एवढंच."

आयुक्तांनी विचारलं, का? मग ती जी सुटली ना! दोन दिवस जिच्या तोंडातून शब्द काढायला मला घाम फुटला, ती धाडधाड बोलायला लागली. "सर, माझ्या सासूबाई पोळ्या करतात. आमच्याकडे नवीन बिल्डिंगा झाल्यात, तिथे घरोघरी जाऊन. बाळ त्यांच्याकडेच असतं. मी सकाळच्या पाळीला असले तर त्यांना सकाळची घरं संध्याकाळी करावी लागतात, तसं त्या बायकांना आदल्या दिवशी कळवावं लागतं. आमच्या ग्रुपवर ड्युटी येते तेव्हा त्या बायका जेवून आवरून बसलेल्या असतात. सकाळी पोळ्यांना कोणी आलं नाही की त्या चिडतात. काहींनी सासूबाईंना काढून टाकलं, सर. सासूबाई चांगल्या आहेत. पण त्या म्हणतात, तुझी नोकरी की माझी, एक ठरव. त्यांचंही बरोबर आहे."

पोळ्या म्हटल्यावर हॉलमध्ये हशा झाला. मला त्या हसणाऱ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. यांच्या घरी पोळ्या काय आकाशातून पडतात? आयुक्त मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "ड्युटी कोण लावतं तुमच्याकडे?"

ती नुसती माझ्याकडे वळली. मी उभीच होते.

म्हणजे तक्रार माझ्याबद्दलच! मी जिला हाताला धरून दरबारात आणलं, जिच्यासाठी साहेबांचा राग ओढवून घेतला, तिची अडचण मी! खोटं कशाला सांगू, धरणी दुभंगावी वगैरे मला काही वाटलं नाही. मला राग आला. सणसणीत राग आला. आधी तिचा आला आणि मग तो वर चढत चढत पार सोफ्यापर्यंत गेला.

"मी लावते सर," मी म्हटलं. "आणि उशिरा लावते, हे पण खरं. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे सर, उद्याच्या बंदोबस्ताला किती माणसं हवीत, तो आदेश ठाण्यातून सकाळी निघतो. परिमंडळात थांबतो. तिथे त्यात भर पडते. विभागात थांबतो. तिथे वाटणी होते. आमच्याकडे येतो तेव्हा देवापुढे दिवा लावून झालेला असतो. त्यानंतर मी माणसं बसवते. ठाणे ते डोंबिवली काय अंतर आहे सर? तो आदेश चालत आला असता तरी दुपारी पोचला असता."

आता कोणी हसलं नाही. आयुक्तांनी शेजारच्या उपायुक्तांकडे बघितलं. उपायुक्तांनी मागे सहायक आयुक्तांकडे बघितलं. सहायक आयुक्तांनी सिनियर साहेबांकडे बघितलं. सिनियर साहेबांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्यामागे बघायला कोणी नव्हतं, म्हणून मी सरळ आयुक्तांकडे बघितलं. गोल पुरा झाला.

"आदेश सकाळीच पुढे गेला पाहिजे, कुठेही न थांबता," आयुक्त म्हणाले. "उद्याची ड्युटी आज दुपारी. अचानक काही घडलं तर गोष्ट वेगळी. आणि काही दिवस प्रत्येक स्टेशनात ती कधी लागली, ते माझ्याकडे आलं पाहिजे." मग त्या मुलीकडे बघून म्हणाले, "सासूबाईंना सांगा." एवढं बोलून ते उठलेच.

बाहेर आल्याबरोबर सिनियर साहेबांनी मला भिंतीशी गाठलं. "बाई, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! सुखी माणसं आणा म्हटलं होतं मी." मी म्हटलं, "साहेब, ओरडताना ती सगळ्यात सुखी होती, तुम्ही ऐकलंत की." ते पाय आपटत गाडीत बसले.

मुलीला मी चहाच्या टपरीवर नेलं आणि फैलावर घेतलं. "माझ्या तोंडावर बोलायला काय झालं होतं गं तुला? दोन दिवस कल्याण कल्याण घोकत होतीस!"

"तुम्हीच घोकायला लावलेलं, मॅडम. आणि मी आधी एकदा आलेले तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, ड्युटी म्हणजे काय भिशी आहे का, आधी ठरवून लावायला?"

म्हणाले असेन. मी रोज दहा जणांना तसंच बोलते. हजेरीच्या खुर्चीत गोड बोलणारा माणूस दोन दिवस टिकत नाही. पण ती माझ्या नजरेला नजर देऊन बोलत होती. ते मला आवडलं. मी तिला दुसरा चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी वड्याचं तेल वांग्यावर निघालं. साहेबांनी मला हजेरीवरून काढलं. चार्ज नावाला एका हवालदाराकडे दिला, आणि त्याच्या मदतीला बसवलं टिटवाळ्याच्या मुलीला. सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला फार अक्कल आहे ना? लावू दे ड्युट्या. आठवड्यात रडत येईल." माझ्या खुर्चीत शिपाई! मला झोंबलं. रात्रभर नवऱ्याचं डोकं खाल्लं मी.

पण ती रडत आली नाही. त्या हवालदाराला खुर्चीत बसून पेपर वाचायला आवडायचं, त्यामुळे सगळं काम हिच्याकडेच आलं. वरून आदेश दुपारच्या आत यायला लागले, कारण आयुक्तांना रोज उत्तर द्यायचं होतं. आणि एकदा लवकर यायला लागल्यावर प्रत्येकाला कळलं की ते पहिल्यापासून येऊ शकत होते. हिची पद्धत सरळ होती. कोणाची पाळी कधी आली होती ते बघायचं आणि पुढची लावायची. ओळख नाही, वशिला नाही, रजेचं आमिष नाही. आमचे बुजुर्ग आधी कुरकुरले. मग एक जण मुलाच्या शाळेच्या पालकसभेला जाऊन आला, आणि कुरकुर थांबली. सासूला तिची घरं परत मिळाली, वर एक नवीन मिळालं. दिवाळी आली, गेली. नोकरी सोडायचा विषय तिने काढला नाही. एकदा मी तिच्या टेबलाशी उभी असताना सासूचाच फोन आला. स्पीकरवर ठणठणीत आवाज, "काय गं, उद्याचं अजून सांगितलं नाहीस? तुमचे साहेब झोपले का?" मला असं हसू फुटलं! आयुक्तांच्या वर कोण, या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं.

आणि मग एका दुपारी तिने मलाच बोलावलं.

"मॅडम, उद्या सकाळपाळी. शीळफाटा, नाकाबंदी."

"कोणाला?"

"तुम्हाला."

"मला?" मी जवळजवळ ओरडलेच. "शीळफाट्याला? तो धुरळा, ते कंटेनर! माझे गुडघे बघितलेस का?"

"बघितलेत, मॅडम. खुर्ची ठेवायला सांगितलीय. पण तुमची पाळी आहे. इतकी वर्षं तुमचं नाव नाकाबंदीला आलेलंच नाही."

कुठून येणार होतं? लावणारी मीच. भांडायला जागाच नव्हती, आणि मला अशी जागा नसली की फार त्रास होतो. पण त्या त्रासातसुद्धा मला त्या पोरीचा अभिमान वाटला. अगदी ऊर भरून वाटला. मी सही केली.

मी निघाले तशी ती म्हणाली, "घरी कळवा, मॅडम. अजून दुपार आहे."

मी बाहेर पार्किंगमध्ये, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या बाजूला जाऊन घरी फोन लावला. आमचे हे कंपनीतून रिटायर झालेत, दुपारी घरीच असतात.

"अहो, उद्या मी सकाळची आहे. शीळफाट्याला. संध्याकाळी लवकर येईन."

मग ह्यांनी हळूच विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही हो गेलं."

"मग या वेळेला कसा फोन केलास? नीट सांग मला. तुला काही लागलंय का? कुठे आहेस तू? मी येतो."

"काही नाही झालेलं. उद्याची ड्युटी सांगतेय तुम्हाला."

"उद्याची? आज?"

"हो."

आमच्या लग्नाला माझ्या नोकरीइतकीच वर्षं झालीत. त्या सगळ्या वर्षांत मी घरी काय सांगत आले? निघते. उशीर होईल. वाट बघू नका. मुलगा लहानाचा मोठा झाला तेवढ्यावर.

"म्हणजे," ह्यांनी विचारलं, आणि इतकं जपून विचारलं की जसं काही माझी परवानगीच मागत होते, "उद्या रात्री जेवायला तू घरी आहेस?"

"आहे," मी म्हटलं. "माझंही पान मांडा."